ग पाशी अडलेली सगुणाबाई

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंत. चहा गार झाला माझा. ऐका आता, आणि मधे कुणी खोकू नका.

एका गावात, म्हणजे आमच्याच, सगुणाबाई नावाची बाई होती. लेक गंगापूरला दिलेली. तिकडं जायचं तर एसटीची पाटी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे, याची तिला भारी चीड. शिक्षणवाल्या ताईंनी गल्लीतल्या बायकांना एक मोबाइल दिला, तशी तीही शिकायला बसली. मोबाइल चित्र दाखवी, अक्षर दाखवी आणि सांगे, "म्हणा." म्हटलं की पुढं सरके.

क झाला, ख झाला. मग सोंडेचं चित्र आलं. "ग गणपतीचा. म्हणा."

सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव गणपत. लग्नापासून ते तिच्या ओठांवर आलं नव्हतं, त्या नावासारखं दुसरं नावही ती घेत नसे.

"ग आमच्या ह्यांचा," ती पुटपुटली.

"पुन्हा प्रयत्न करा."

"ग बाप्पाचा."

"पुन्हा प्रयत्न करा."

बायका हसून लोळल्या. शेजारची मथुरा म्हणाली, "अगं, त्या डबड्याला काय कळतंय कोण बोललं ते? सरक, मी म्हणते."

मथुरा बोलली, शाबासकी सगुणाबाईला मिळाली. लाजून तिनं मान फिरवलेली; ग तिनं धड पाहिलाच नाही. पुढची अक्षरं मात्र घोटून घोटून शिकली.

धाकट्या नातवाचं बारसं गंगापूरला ठरलं. गणपतला म्हशी सोडून निघता येईना. ती एकटीच निघाली, ऐटीत. कुणाला विचारायचं नाही! स्टँडवर गाडी लागली. पाटीचं पहिलंच अक्षर अनोळखी. ही आपली नव्हे, असं म्हणून तिनं सोडली. गंगापूरची तेवढीच गाडी होती. तिकडं बाळाचं नाव ठेवून झालं, आणि आजी स्टँडवर टोपडं हातात धरून बसलेली.

घरी आली, मोबाइल घेतला, मागं ग वर गेली. डोळे अक्षरावर रोखले आणि ओरडली, "ग गणपतीचा!"

गोठ्यातून नवरा धावत आला. "काय गं? काय पेटलं?"

"काही नाही. तुम्हाला नव्हतं बोलावलं. शिकतेय मी."

पुढच्या खेपेला स्टँडवर तिनं पाटीवरून बोट फिरवलं, सगळी वाचली. मग शेजारी भांबावून उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "तुम्हाला कुठं जायचंय? सांगा, वाचते मी."

तात्पर्य: शिकताना आपलं तोंड आपणच उघडावं, लाजून टाळलेलं अक्षरच पुढं आपली वाट अडवतं. आणि मी शेजारचा, म्हणून बायकोला नाव घ्यायला मीच फितवलं असं समजून चावडीवर मला 'घरफोड्या' म्हणणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. त्याचं नाव मी खुशाल घेतो: गणपत ढोबळे.