पेटाऱ्यातला इवला तळवा

फणसाच्या गर्द सावलीत एक छोटीशी सुतारशाळा होती. तिथे सुरंगी तिच्या बाबांबरोबर राहायची. बाबा जुने लाकडी पेटारे दुरुस्त करायचे आणि त्यांच्या सुंदर आठवणींच्या पेट्या बनवायचे. पण हल्ली त्यांचे हात कापू लागले होते. गावाने खूप हळहळ व्यक्त केली आणि काम दुसरीकडे नेलं. आता एकच पेटारा उरला होता, चंद्राक्कांचा. तो बिघडला असता तर सुतारशाळेला कायमचं कुलूप लागलं असतं.

एका सोनसळी सकाळी सुरंगी त्या पेटाऱ्यासमोर रडवेली होऊन बसली होती. तेवढ्यात रंध्याच्या एका गोल, सोनेरी ढलपीतून इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख मधाच्या रंगाचे होते, छडी गवताच्या पात्याएवढी होती आणि चेहरा जरा त्रासलेला होता.

“इच्छा एकच,” परी म्हणाली, “आणि तीही लाकडाच्या वस्तूसाठी. माणसं आमच्याकडे येत नाहीत, त्यांचा विभाग वेगळा. मी नव्या केलेल्या वस्तूवर जुनं काही उरत नाही. मागाहून तक्रार चालणार नाही.”

“परीताई, एवढा पेटारा नवा करून दे ना,” असं म्हणत सुरंगीने झाकण उघडलं. आतून चिकटवलेला जुना कागद गळून पडला. त्याखाली गेरूने उमटवलेला तान्ह्या बाळाचा तळवा होता, कळीसारखा नाजूक.

“हा राहील?”

“नाही.”

सुरंगीने त्या तळव्यावरची धूळ हलकेच फुंकली. “मग नको.”

“अगं, हाताने करायचं म्हणजे हात दुखतील.”

“दुखू देत.”

मग बाबा पायरीवर बसून सांगत राहिले आणि सुरंगीचे हात चालू लागले.

“लाकडाच्या रेषेने घास गं, आडवं नको.”

काचकागदाने घासून झालं, चिंचोक्यांच्या खळीने भेगा भरल्या, मग जवसाचं तेल आलं. तळव्याजवळ तिने श्वाससुद्धा जपून घेतला. परी छडीचा चंदेरी उजेड भेगांवर धरून बसली होती. उजेडाबद्दल नियम नव्हता.

संध्याकाळी चंद्राक्का आल्या. “चकाकी कुठंय? नुसती आंघोळ घातल्यासारखा दिसतोय,” त्या कुरकुरल्या. मग त्यांनी झाकण उघडलं आणि तिथेच खाली बसल्या.

“माझी धाकटी बहीण,” त्या म्हणाल्या. “बारशाला आईने तिचा हात उमटवला होता. महिन्याभरात गेली ती. आईला बघवेना, तिनेच कागद लावला असणार. मला वाटलं, पुसला गेला.”

“परत कागद लावू का?” सुरंगीने हळूच विचारलं.

“नको गं बाई.” त्यांनी डोळे पुसले. “नणंदेचाही पेटारा आहे, उद्या पाठवते. त्याला तरी जरा चकाकी आण.”

त्या गेल्यावर परी म्हणाली, “तुझी इच्छा अजून शिल्लक आहे. मागून टाक. परत नेली तर मला वर कारणं द्यावी लागतात.”

सुरंगीने बाबांची लाकूड तासायची पटाशी आणली. “हिची मूठ लाकडाची आहे. नवी नको करूस. फक्त धरणाऱ्याचा हात हिने सांभाळावा.”

परी पहिल्यांदाच हसली. “नियम करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं. बरंच झालं.”

तिने मुठीला छडी टेकवली. केशरी, गुलाबी, सोनेरी उजेडाच्या पाकळ्या अंगणभर उडाल्या आणि त्या झगमगाटात परी विरून गेली.

बाबांनी पटाशी उचलली. हात शांत होता. ते बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, “ये गं, पटाशी कशी धरायची ते शिकवतो तुला.”