टिटवीची मोजणी

जंगल संपून जिथे उंच गवताचा माळ सुरू होतो ना, मुलांनो, तिथे एक सशीण राहत असे. एकटी नव्हे, त्या माळावर सशांची बरीच घरे नांदत होती. घरे म्हणायचे आपले, नाहीतर रानसशाला कसले घर! तो बीळ खणत नाही, उघड्या गवतातच अंग चोरून बसतो. त्याची पिल्लेही तशीच उघड्यावर. म्हणून त्या माळावर एक रीत होती. पिल्ले झाली की आई एकेकाला वेगवेगळ्या जागी लपवी आणि दिवसभर तिकडे फिरकतही नसे. दिवस मावळताना एकदाच जाई, तेही शेवटचे अंतर एका उडीत पार करून, म्हणजे पायवाट पडू नये आणि अंगाचा वास मागे राहू नये. पाजून झाले की लगेच माघारी. पिल्ले कुठे ठेवली हे ती कुणाला सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. सख्खी बहीण असली तरी नाही.

एके वर्षी ओढ्यापलीकडे एक कोल्हा राहायला आला. महाबिलंदर! आल्या आल्या त्याने आपल्या सशिणीचे एकुलते एक पिल्लू उचलले. बिचारी रडून रडून अर्धी झाली. बोरीच्या झाडाखाली सगळे ससे जमले तेव्हा सर्वांत आधी तीच उठून म्हणाली, "पहारा हवा. माझं गेलं ते गेलं, पण आणखी कुणाचं जायला नको."

माळावर एक टिटवी होती. डोळा तीक्ष्ण आणि आवाज असा, की झोपलेला दगडसुद्धा उठून बसावा. पहाऱ्याचे काम तिने आनंदाने पत्करले. ओढ्याकाठच्या दगडावर ती उभी राही आणि कोल्ह्याने पाण्यात पाय घातला रे घातला, की आकांत मांडी. ससे पांगत, कोल्हा हात हलवत परत जाई. सशिणीला पुन्हा तीन पिल्ले झाली. तिने ती रीतीप्रमाणे लपवली, आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली. पहारा किती चांगला असतो हे तिला विचारा!

पण एकदा धुके पडले होते. कोल्हा कुठून आला ते टिटवीला दिसले नाही आणि एका सशाचे पिल्लू गेले. पुन्हा सगळे बोरीखाली जमले. माळाचा मुखिया, एक म्हातारा ससा, फार हळहळला. टिटवी म्हणाली, "मी तरी काय करू? कुणाची पिल्लं कुठं आहेत हेच मला ठाऊक नाही. राखायचं काय ते तर कळू द्या! प्रत्येकीनं जागा सांगा. मी रोज जाऊन मोजून येईन."

सशीण पुढे सरकली. ती म्हणाली, "टिटवीताई, आमच्यात असं सांगत नाहीत."

"लपवण्यासारखं आहे तरी काय गं तुझं?" शेजारीण फणकारली. "आम्ही सांगणार आहोत. तुझंच काय वेगळं?"

"तसं नाही हो. ज्या दिवशी दुसऱ्याला कळेल त्या दिवशी ती जागा लपायची राहणार नाही. आणि ताई, तू तरी तुझी अंडी कुणाला दाखवतेस का?"

"माझी गोष्ट निराळी," टिटवी म्हणाली. "मी पहारेकरीण आहे."

मुखिया समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाळ, सगळ्या माळाच्या जिवाचा प्रश्न आहे. अशा वेळी तुझं-माझं करायचं नसतं. जी सांगणार नाही तिच्याबद्दल लोक उगीच काहीबाही बोलतील."

उगीच कशाला, लोक बोलूही लागले होते. मागे कुणीतरी कुजबुजले, "हिचं कोल्ह्याशी साटंलोटं तर नाही?" ज्या आईचे पिल्लू कोल्ह्याने खाल्ले, तिच्याबद्दल हे! सशिणीचे कान खाली पडले. तिने मान खाली घालून तिन्ही जागा सांगून टाकल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. टिटवी कामाची मोठी चोख, तिला नावे ठेवायला जागा नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा ती प्रत्येक जागेवर उतरायची, चोचीने गवत बाजूला सारायची, पिल्लू आहे ना बघायची आणि मुखियाला ऐकू जाईल अशी ओरडून सांगायची, "आहे!" मग उडून पुढच्या जागी. जी पिल्ले दिवसभर हूं की चूं न करता पडून राहायची, ती आता टिटवीची चाहूल लागली की माना वर करू लागली.

सशिणीला चैन पडेना. एका दुपारी तिने पाहिले तर ओढ्यापलीकडे कोल्हा पंजे पसरून निवांत बसला होता. शिकारीच्या खटपटीत नव्हता. टिटवी जिथे उतरे तिकडे त्याची मान वळे, ती उडाली की पुन्हा वळे. सशीण धावतच टिटवीकडे गेली.

"ताई, तो बघतोय! तू कुठं उतरतेस ते सगळं बघतोय. पाया पडते तुझ्या, माझ्या पिल्लांच्या डोक्यावर उभी राहू नकोस. तू आपली त्याच्यावर नजर ठेव."

टिटवीला फार लागले. "तुमच्यासाठी मी उन्हातान्हात मरमर मरते, आणि हे ऐकून घ्यायचं? तो ओढ्यापलीकडे आहे. पलीकडे बसून बघायला कोण मना करणार? मला अजून निम्मा माळ मोजायचाय!"

सशिणीला वाटले, आजच पिल्ले हलवावीत. पण हलवली तर ती टिटवीला सापडणार नाहीत, सगळा माळ गोळा होईल, पुन्हा तोच संशय, पुन्हा तेच बोल. ती कचरली. दिवस मावळला की हलवू, पाजायला जाईन तेव्हा बघू, असे तिने मनाशी ठरवले.

दिवस मावळला. सशीण पहिल्या जागी गेली. गवत चेपलेले होते आणि आत कुणी नव्हते. ती दुसऱ्या जागी गेली. तिसरीकडे धावताना तिला रीत आठवली नाही, उडी आठवली नाही, सरळ गवत तुडवत गेली. तिथेही काही नव्हते. टिटवी माळाच्या दूरच्या टोकाला गवतात डोके घालून मोजत असताना कोल्हा ओढा ओलांडून आला होता. वास काढत हिंडावे लागले नाही त्याला. तीन जागा त्याला पाठच होत्या. सावकाश आला, तीन फेऱ्या केल्या आणि गेला.

सशिणीचा आक्रोश ऐकून टिटवी उडत आली. रिकाम्या जागेपाशी उतरून तिने चोचीने गवत सारून पाहिले. "दुपारी मोजली तेव्हा तिन्ही होती गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "देवाशपथ, तिन्ही होती." ती खोटे बोलत नव्हती. दुपारी तिन्ही होतीच.

मागाहून मुखिया आला. त्याच्याने वर बघवेना. कसाबसा म्हणाला, "चुकलं, बाळ. उद्यापासून पहाराच बंद करतो."

"नको," सशीण म्हणाली. "पहारा मीच मागितला होता, आजही मागते. टिटवीला ओढ्याकाठी उभी करा. आमच्या गवतात नको."

मुखियाने होकाराची मान डोलावली. एकेक करत सगळे निघून गेले. सशीण तिथेच बसून राहिली. पाजायची वेळ टळून गेली होती आणि दूध भरून तिची छाती ठणकत होती.

तात्पर्य : राखणदार हवाच, पण त्याचे तोंड शत्रूकडे हवे. रक्षणाच्या नावाखाली जो घराघरात डोकावतो, तो त्या घरांची वाट नकळत शत्रूलाही दाखवतो.