उद्याचं विरजण

चपला तिकडे काढा पाहुण्यांनो, फोटो मागाहून. कातळातला हा खळगा बघा, कडा कशा पांढुरक्या पडल्यात. चुना नाही तो, दह्याचे डाग आहेत. आमच्या धनगरवाडीत ह्याला ठकूची वाटी म्हणतात. मी कोंडाबाई झोरे, वाडीतलं जुनं खोड, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

फार मागं गुरांवर बुळकांडीचा रोग आला. वाडीत एक म्हैस उरली नाही. ठकूचा नवरा नवी म्हैस आणायला घाट उतरला, तो परतलाच नाही. लेक लहान. ती बापाच्या वाटेकडे डोळे लावून बसली आणि अन्नाला शिवेना.

ठकूच्या घरची रीत अशी, की दिवा लागला की दुधाला विरजण लावायचं आणि म्हणायचं, "उद्या आहे." सासूनं शिकवलेलं. उद्या आहे म्हणून तर दही लावतो आपण. आता दूध कुठलं? पण शेवटचं दही तिनं फडक्याला माखून वाळवून ठेवलं होतं. रोज सांजेला ती कोमट पाण्यात त्या फडक्याचा एक धागा टाकी, झाकण ठेवी आणि "उद्या आहे" म्हणे. ते ऐकलं की पोर दोन घोट पेज घेई. तेवढ्यावर जगली म्हणे.

शेजारची धोंडू हसायची. "हिचं पाणी विरजतंय गं बाई," म्हणायची. हसायला लोकांचं काय जातं!

फडकं सरलं. शेवटचा धागा टाकला त्या सांजेला ठकूच्या तोंडून शब्द फुटेना. पोरीनं पेज बाजूला सारली. तेव्हा ठकूनं कसंबसं म्हटलं, मनात नसताना म्हटलं.

सकाळी भांड्यात दही. पाण्याचं दही झालं, देवीची कृपा, असं सांगतात. काहीजणी म्हणतात, धोंडूची शेळी व्याली होती, तिनंच ठकूची पाठ वळताच पाणी ओतून दूध घातलं. मला धोंडू पटते. पहिला चमचा ठकूनं इथं, घाटाच्या वाटेवरच्या ह्या खळग्यात, नवऱ्यासाठी ठेवला; तेव्हापासून वाडीतल्या बायका ठेवत आल्यात. पोर वाचली. नवरा काही आला नाही.

आजही आमच्यात कुणाचं माणूस गेलं, तर त्या दिवशी चूल पेटत नाही, पण विरजण लागतं. शेजारीण कोमट दूध आणते, एक अक्षर बोलत नाही. घरच्या बाईनं आपल्या हातानं विरजण लावायचं आणि ते दोन शब्द म्हणायचे.

गेल्या माघात माझा थोरला गेला. शेजारीण भांडं धरून उभी राहिली, हलेचना. मला राग आला तिचा, ठकूचाही आला. म्हटलं शेवटी. मनात होतं, नासू दे दूध.

सकाळी झाकण काढलं. मेलं, घट्ट लागलं होतं.