कणगीखालचा दगड

खळदरीच्या डोंगरात ही जी उभी भेग दिसते तिला आडवी कपार म्हणतात, कारण हिच्यातून माणसाला आडवं होऊनच जावं लागतं. पाठीवरची पिशवी काढून हातात घ्या, पोट आत ओढा, खांदा पुढे करा आणि शिरा. वीस पावलं असंच जायचं. मग आत एकदम देवळाच्या मंडपाएवढी जागा लागते. भर श्रावणातही तिथं भिंतीला ओल येत नाही. मधोमध चार दगडांवर बांबूची चौकोनी कणगी उभी आहे, माणसाच्या गळ्याइतकी उंच. तीच पाहायला तुम्ही आलात. पाहा, पण हात लावू नका. आणि बाहेरची पाटी वाचून आला असाल तर ती आधी विसरा. पाटीवर लिहिलंय, 'सुभानजी पाटील यांनी बांधलेले गुप्त कोठार'. सुभानजी पाटलानं उभ्या आयुष्यात एक टोपली बांधली नाही. मी त्याच्याच घरातला, सातव्या का आठव्या पिढीतला, म्हणून मला हे बोलायला कोणाची भीती नाही. पाटी लावणाऱ्यांकडे मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कणगी तीन हात रुंद, कपार पाऊण हात. मग ही आत आली कशी? शिकलेली माणसं लगेच म्हणतात, आतच विणली असेल. मशाल पेटवून आत घटकाभर बसा, मग बोला. धुरानं जीव कासावीस होतो, तिथं दिवसचे दिवस बसून विणणार कोण? ही कणगी बाहेर विणली, घडी घालून आत आणली आणि आत उघडली. जिनं विणली तिचं नाव धुरपा. बुरडाच्या घरची बाई. तिचं नाव त्या पाटीवर कुठंही नाही.

सांगतात ते असं. त्या काळी सुगी झाली की घाटाखालून घोड्यांवरचे लुटारू वर चढायचे. खळ्यावरचं भात आणि नाचणी तर न्यायचेच, पण लागोपाठ दोन वर्षं त्यांनी बियाणंही नेलं. लोकांनी रानातले कंद उकडून खाल्ले आणि दुसऱ्या गावांकडून पदर पसरून बी आणलं. तिसऱ्या वर्षी कोणी देणार नव्हतं. पेरायला दाणा राहिला नाही तर गाव उठणार, हे लहान पोरालाही कळत होतं.

ही कपार गुराख्यांना ठाऊक होती. लोकांनी आधी भुईवर धान्याचा ढीग घातला, तो उंदरांनी खाल्ला. गोण्या रचल्या, त्या कुरतडल्या. शेणामातीनं लिंपलेली कणगी दगडांवर उभी केली तरच धान्य टिकणार होतं, आणि कणगी काही कपारीतून जाईना. तेव्हा पाटलानं धुरपाला आणि तिच्या नवऱ्याला, लिंबाजीला, बोलावून हुकूम सोडला, की आत जाईल अशी कणगी करा. हुकूम सोडायला काय लागतं.

लिंबाजीचा हात त्या खोऱ्यात नावाजलेला होता. त्यानं विणलेल्या सुपातून मोहरी गळायची नाही म्हणे. पण घडीची युक्ती धुरपाच्या डोक्यात होती. विणलेल्या भिंतींसारखे चार कूड करायचे आणि कोपऱ्यांवर अंबाडीच्या दोरीनं सैल बांधायचे. तळाची दोन फळकुटं करून मध्ये जोडायची. मधला जोड वर उचलला की तळ मिटतो आणि कूड एकमेकांना चिकटतात. घालायची काखेत आणि जायचं कपारीतून. एवढं जमलं. पण जी वस्तू मिटते ती उघडी असतानाही मिटायलाच बघते. पहिली कणगी चार पाट्या धान्यात बसली. दुसरीला आडव्या काठ्या लावल्या, त्या काठ्याच मोडल्या. तिसरी रिकामी छान उभी राहिली आणि भरताना कलंडली. लिंबाजी म्हणाला, "सोड आता. बांबूला माणसाचं ऐकू येत न्हाई."

मग ती शेळीची गोष्ट झाली. धुरपा बांबूची मोळी डोक्यावर घेऊन चढण चढत होती. दम लागला म्हणून उभी राहिली. ओझ्याखाली माणूस कसा उभा राहतो ते बघा. गुडघे मागे रेलतात, पाय ताठ होतात, मग ओझं कितीही असो, पाय दुमडत नाही. तेवढ्यात मागून कोणाची तरी शेळी आली आणि तिनं गुडघ्याच्या मागे हलकीशी ढुशी दिली. धुरपा मोळीसकट खाली. एवढं ओझं पेललेला पाय, आणि शेळीच्या एका ढुशीनं गेला. बरोबरच्या बायका हसल्या. धुरपा उठलीच नाही. पडली तिथंच बसून आपला गुडघा चाचपत राहिली.

चौथ्या कणगीचा तळ तिनं सपाट ठेवला नाही. मधला जोड पायानं दाबून सपाटीच्या बोटभर खाली उतरवला आणि त्याखाली जायला नको म्हणून दोरीनं आवळला. आता वरून जितकं वजन पडेल तितका तळ आणखी घट्ट बसणार. मिटायचं तर त्या जोडाला आधी वर यायला हवं, आणि डोक्यावर बारा गोणी धान्य घेऊन तो वर कसा येणार? गुडघाच तो. मागे रेललेला.

कणगी आत नेली, उघडली, दगडांवर ठेवली. बूड मध्ये बोटभर लोंबत होतं. धुरपानं सगळ्यांसमोर सांगितलं, "हे असंच ऱ्हाऊ द्यायचं. खाली कुणी काही लावू नगा." पाटलानं मान हलवली. आमच्या घरात मान हलवण्याचा अर्थ ऐकलं असा कधीच होत नाही.

दुसऱ्या दिवशी धान्य भरायचं होतं. सुभानजी पाटील सगळ्यांच्या आधी आत गेला आणि मशाल धरून खाली वाकला. बूड लोंबतंय, भरल्यावर फाटणार, असं त्याच्या मनानं घेतलं. विचारायचं कोणाला? बुरडिणीला? ते त्याच्या पागोट्याला शोभलं नसतं. बाहेर उभ्या बैलाच्या पाठीवर एका बाजूला अर्धी गोणी होती, तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला त्याच्या घरच्या फुटक्या जात्याचा तुकडा बांधून आणलेला. तो त्यानं सोडून आत नेला, कणगीखाली घातला आणि ठोकून ठोकून बसवला. जोड वर आला. पाटील हात झाडत बाहेर आला आणि कोणाला एक शब्द बोलला नाही. शेळीनं केलं ते तिला कळत नव्हतं म्हणून. ह्यानं केलं ते कळून घ्यायचं नव्हतं म्हणून. मला विचाराल तर शेळी बरी.

धान्य पाट्यांनी आत जाऊ लागलं. ते पसरून दाबायला लिंबाजी कणगीत उतरला होता. धान्य त्याच्या छातीशी आलं आणि कणगी मिटली. दोन कुडांच्या मध्ये त्याचा उजवा हात कोपरापासून सापडला. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा जीव होता, पण हात उरला नव्हता. ज्या हाताच्या सुपातून मोहरी गळत नव्हती तो हात.

त्याच दुपारी चावडी भरली. धुरपाला पायरीखाली बसवलं. पाटील म्हणाला, "घडीचं कामच खोटं. गावाचं बियाणं हिच्या भरवशावर ठेवलं ही आमची चूक. कोयता इथं ठेव आणि उद्या उजाडायच्या आत गाव सोड."

चावडीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांची नावं कोणी जपून ठेवली नाहीत, ते बरंच झालं.

धुरपा म्हणाली, "जाते. पर माझी कणगी का मिटली ते बघून जाते." आणि उठून चालू लागली. तिला अडवायला कोणी धजलं नाही. डोंगर चढून ती कपारीत शिरली, सांडलेलं धान्य हातांनी बाजूला केलं आणि उतरत्या उन्हात परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर तो जात्याचा तुकडा होता. तिनं तो चावडीच्या पायरीवर ठेवला.

"ह्यो माझ्या कणगीखाली कुणी घातला?"

पुरुषांना तो नुसता दगड दिसला. दगडाला काय नाव असतं? पण जातं बायका ओळखतात. दाराआडून पाटलीण बोलली, "अहो, हे तर आपल्याच जात्याचं. टाकी मारताना फुटलं, तेव्हा फेकू नका म्हणाला होतात."

पाटील काय म्हणाला असेल? चुकलो म्हणाला असेल? नाही. म्हणाला, "बूड लोंबत होतं. मी आधार दिला. उपकार केला."

"त्या उपकारानंच माझ्या धन्याचा हात गेला," धुरपा म्हणाली.

"दगडानं कुठं कणगी मोडते? आधारानं वस्तू पडत न्हाई, उभी ऱ्हाते. मला शिकवतेस?"

इतक्यात खालच्या गावाहून माणूस धावत आला. लुटारूंनी घाटाच्या पायथ्याला मुक्काम ठोकला होता. उद्या नाहीतर परवा वर येणार. बियाणं अर्धं कपारीत सांडलेलं, अर्धं खळ्यावर उघडं. आता दुसरी कणगी करायला वेळ नव्हता, आणि साधी केली असती तर ती आत गेली नसती. सगळं गाव पाटलाकडे बघू लागलं. पाटील धुरपाकडे बघेना.

ती म्हणाली, "कूड शाबूत हायेत. दोऱ्या मी बांधते. पर रिकाम्या कणगीवर आता कुणाचा इस्वास बसायचा न्हाई. आत माणूस पायजे. माझा धनी बसला व्हता तवा खाली दगड तुमचा व्हता. आता दगड न्हाई. आता तुम्ही बसा, पाटील."

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणावं तर बियाणं लुटारूंच्या हाती जाणार, आणि पाटील भ्याला हे सगळ्या गावाला दिसलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव कपारीतून एकामागून एक आत गेलं, आणि पागोटं काढून सुभानजी पाटील कणगीत चढला. पागोटं घालून कपारीतून नीट जाताच येत नाही, ते आधीच काखेत होतं. धुरपानं तळ पायानं दाबला, जोड खाली गेला, दोरी ताणली. मग धान्य पडू लागलं. पाटलाच्या गुडघ्याशी आलं, मांड्यांशी आलं, कमरेशी आलं. कूड करकरले नाहीत. माणूस आणि धान्य मिळून बैलाला न ओढवणारं वजन, आणि कणगी जागची हलली नाही.

धुरपानं हात वर केला, तशी धान्य ओतणारी माणसं थांबली. तिनं तो जात्याचा तुकडा उचलला, कणगीशेजारी गुडघ्यावर बसली आणि वर बघून विचारलं, "पाटील, ठेवू का आधार?"

पाटील कमरेपर्यंत धान्यात रुतलेला. दोन्ही हात कुडांवर. ज्या कुडांनी आदल्या दिवशी लिंबाजीचा हात घेतला तेच कूड. ते त्यानं आणखी घट्ट धरले. तिनं दगड बुडाखाली सरकवला, अजून लागला नव्हता, आणि पुन्हा विचारलं, "तुमच्या मतानं आधारानं वस्तू उभी ऱ्हाते. ठेवू का?"

"नको," पाटील म्हणाला.

"ऐकू आलं न्हाई. मागं माणसं हायेत."

"नको, बाई. काढ तो दगड."

त्या दिवसभरात सगळं बियाणं कणगीत गेलं. लुटारू आले, खळी पाहिली, दोन घरं जाळली आणि रिकामे गेले. मृगात खळदरीनं स्वतःचं बी पेरलं.

मग पाटलाला पुळका आला. धुरपाला ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा देऊ केला. ती म्हणाली, "जमीन नगो. माझ्या धन्याचा हात द्या." पाटील म्हणाला, हात कुठून देऊ? ती म्हणाली, "मग हात परत येईस्तवर दर साली तुमच्या घरातल्या थोरल्यानं कणगीत बसायचं, आणि माझ्या घरातली बाई इचारंल त्याला उत्तर द्यायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं." पाटलाला शब्द द्यावा लागला. धुरपानं गाव सोडलं नाही. पुढं ती आणि लिंबाजी दोघं मिळून तीन हातांनी विणत राहिली, असं सांगतात.

आता पोत्यांची गोदामं आहेत, लुटारूही दुसऱ्या तऱ्हेचे आहेत, पण आजही सुगी झाल्यावर गावाचं बियाणं आधी या कणगीत येतं. गेली नऊ वर्षं आमच्या घरात थोरला मीच आहे. गेल्या साली पुतण्या म्हणाला, "तात्या, तुमचं वय झालं, बाहेर उभं राहून नको म्हणा, एवढं कोण बघतंय." मी मनात म्हटलं, पोरगं बरोबर बोलतंय. आणि बाहेरूनच म्हणालो, नको.

धुरपाच्या घरातली शेवंता तो दगड हातात धरून उभी होती. ती काही रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बसा आत, तात्या." गोण्या घेतलेली माणसं थांबलेली. ती थांबलेली. मी मग कूड धरून चढलो. कमरेपर्यंत धान्य आलं तेव्हा तिनं विचारलं. मी पुटपुटलो. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मी असा ओरडून नको म्हणालो, की कपारीबाहेर गुरं राखणाऱ्यालाही ऐकू गेलं. तेव्हा तिनं दगड बाजूला ठेवला आणि उरलेलं धान्य पडू लागलं.

यंदाही बसायचं आहे. लिंबाजीचा हात अजून कोणी परत आणलेला नाही.