कासवखडकावरचे तिघे

पाय पांघरुणात घ्या रे सगळ्यांनी. घेतले? मग ऐका.

एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता. तिथे रेवू नावाची मुलगी राहायची. नऊ वर्षांची. तिचा बा हाशा, तिची आई चांगुणा. बा होडी घेऊन समुद्रावर जायचा, आई बाजारात मासळी विकायची आणि रेवू अंगणात बोंबील वाळत घालायची. चांगलं चाललं होतं.

एकदा काय झालं, रेवूला ताप भरला. सात दिवस उतरेना. आठव्या दिवशी उतरला, पण जाताना तिच्या डोळ्यांत काहीतरी ठेवून गेला. तिला मेलेली माणसं दिसायला लागली.

रात्री नाही, बरं का. भर दिवसा, उन्हात. अगदी आपल्यासारखी दिसायची. फक्त ओल्या वाळूत त्यांचं पाऊल उमटायचं नाही. आणि तोंड उघडलं तरी आवाज यायचा नाही.

पहिल्यांदा दिसली भागू म्हातारी. वर्षापूर्वी गेलेली. आपल्या जुन्या दाराशी बसून जाळं विणत होती, आणि हातात जाळंच नव्हतं. रेवूने तिच्या सुनेला जाऊन सांगितलं. सुनेने दाराला लिंबू-मिरची टांगली आणि रेवूला पुन्हा उंबऱ्याशी येऊ दिलं नाही.

मग दुसऱ्यांदा दिसला राघू. पाच वर्षांचा पोरगा, खाडीत बुडालेला. आईच्या मागे मागे चालत होता, तिचा पदर मुठीत धरून. रेवूला वाटलं, सांगितलं तर मावशीला बरं वाटेल.

"मावशी, राघू तुझ्या मागेच आहे गं. पदर धरलाय त्याने."

राघूच्या आईने मागे पाहिलं. कोणी नाही. गर्रकन वळून पुन्हा पाहिलं. कोणी नाही. डोक्यावरची पाटी पडली, मासळी वाळूत गेली, आणि ती बाई हात पसरून तिथल्या तिथे फिरतच राहिली. मग तिने जी धाव घेतली ती थेट खाडीत. चार बायकांनी केस धरून तिला ओढून काढलं. वाचली. पण त्या दिवसापासून तिची वाचा गेली ती गेलीच.

मग पोरं रेवूला चेटकीण म्हणू लागली. दगड मारू लागली. त्या संध्याकाळी चांगुणाने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाली, "दिसलं तर दिसू दे. पण कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

आणि शपथ मोडली की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आई मरते, असं पोरांना वाटतं. रेवूलाही वाटायचं. ती वर्षभर गप्प राहिली.

मग दसऱ्याच्या सुमारास तुफान आलं. हाशा आणि आणखी तिघे जण होडी घेऊन बाहेर गेले होते. तुफान गेलं, पण होडी आली नाही. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. चांगुणा रोज नवऱ्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. म्हणायची, "येईल. वाऱ्याने लांब गेला असेल, पण येईल."

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, हाशा आला.

रेवू बोंबील उलटत होती. तिने पाहिलं, बा किनाऱ्यावरून चालत येतोय. ती धावली. "बा, बा" करत धावली. आणि धावता धावता तिची नजर खाली वाळूवर गेली.

वाळू कोरी होती, बाळांनो.

रेवू तिथेच बसली. हाशा तिच्यासमोर उभा राहिला. डावा हात पोटाशी धरलेला, मोडल्यासारखा. उजव्या हाताची तीन बोटं त्याने वर केली. मग समुद्रात लांब बोट दाखवलं, कासवखडकाकडे. पुन्हा तीन बोटं, पुन्हा खडक. तीनदा दाखवलं. तेव्हा रेवूला कळलं. तिघे जण तिथे जिवंत आहेत.

पण सांगायचं कसं? ती घरी गेली. आई ताट झाकत होती.

"आये, शपथ सुटली म्हण."

"का गं?"

"आधी सुटली म्हण."

चांगुणाने तिच्याकडे पाहिलं. हातातलं झाकण तसंच राहिलं. "सुटली," ती म्हणाली.

"बा आलाय. तिघे खडकावर जिवंत आहेत, असं खुणेने सांगतोय. आये, त्याचं पाऊल उमटत नाही."

चांगुणाने फाडकन तिच्या तोंडात मारली. मग स्वतःच खाली बसली. झाकण ताटावर ठेवलं. मग हळूच विचारलं, "कुठे आहे?"

"दाराशी."

"माझ्याकडे बघतोय का?"

"नाही. समुद्राकडे बघतोय."

"तोच आहे," चांगुणा म्हणाली. "घरात बसला तरी त्याचे डोळे तिकडेच असायचे."

मग ती उठली. लेकीचा हात धरून धर्मा नाखव्याकडे गेली. वाड्यातला सगळ्यात जाणता नाखवा तो, मोठी होडी त्याचीच. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "चांगुणा, अजून लाटा उतरल्या नाहीत. कासवखडकाशी चांगल्या दिवशीही कोणी जात नाही. एका पोरीच्या बोलण्यावर सहा माणसं मरायला पाठवू?"

सगळा वाडा जमला होता. चांगुणा पुढे झाली, होडीच्या काठावर दोन्ही मनगटं आपटली आणि हातभर हिरव्या बांगड्या फोडल्या. वाळूत काचा पडल्या, त्यावर रक्त पडलं.

"बघ नाखवा," ती म्हणाली. "नवरा येईल अशी थोडी तरी आशा असती, तर मी हे केलं असतं? माझा गेला. त्या तिघींचे तरी आण."

मग नाखव्याने माणसं बोलावली. होडी लोटली. रेवूला पुढच्या टोकाला बसवलं. आणि हाशा पाण्यावरून पुढे चालू लागला. तो डावीकडे वळला की रेवू ओरडायची, "डावीकडे!" तो थांबला की ओरडायची, "थांबा!" दोन्ही बाजूंना पाण्याखाली काळे खडक, पण होडीला ओरखडा आला नाही.

तिघे सापडले. एकमेकांना दोरीने बांधलेले, ओठ फुटलेले, एकाचा पाय मोडलेला. तो म्हणाला, "हाशाने बांधलं आम्हाला. दोरी चौघांना पुरेना. पहिल्या रात्रीच लाटेने नेला त्याला."

रेवूने वळून पाहिलं. बा तिच्याकडेच बघत होता, समुद्राकडे नाही. मग लाट आली. लाट गेली. तिथे नुसतं पाणी होतं.

हाशाचं प्रेत काही सापडलं नाही. चांगुणा खूप रडली. रेवूही रडली. पण ते तिघे बरे झाले, त्यांच्या घरच्या चुली पेटल्या, आणि चांगुणाच्या दारी रोजची मासळी तेच आणून टाकू लागले. रेवूला पुन्हा कोणी दगड मारला नाही. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, म्हातारपणी आई तिच्यापाशीच राहिली. सगळे सुखाने नांदले, जमेल तितकं.

समुद्राचं समुद्रापाशी, गोष्टीचं गोष्टीपाशी, आणि झोप तुमच्या उशीपाशी. मिटा डोळे.