पोशाची हाक

पोशानं ती पैज घेतली नसती ना पाहुण्यांनो, तर तुम्ही आत्ता पलीकडच्या किनाऱ्यावर चहा पीत असता. घड्याळ नका बघू. त्यानं होडी लवकर सुटत नाही, नुसती मान दुखते. त्यापेक्षा ऐका.

फार पूर्वी आपलं हे कुरवंडी बेट म्हणे घंटेवर चालायचं. खोतांनी धक्क्यावर पितळी घंटा टांगलेली, तिची दोरी धाकूबाबा ओढायचे. टोल पडला की होडी सुटलीच! मग कुणाची आई गुडघाभर पाण्यात उभी राहून हाका मारत असेना का, होडी हाकणारा तांडेल मागं वळून बघायचा नाही.

पोशा जाळी विणायचा. आठवड्यातनं चारदा त्याची होडी चुकायची. असाच एकदा परत आला, तर त्याची वहिनी चांगुणा म्हणाली, "काय भावोजी, आजपण घंटाच जिंकली? एवढा राग येतो तर बसवा की तिची वाचा! नाही जमलं तर वर्षभर भांडी तुम्ही घासायची."

"आणि जमलं तर?"

"तर मी तुम्हाला शहाणा म्हणीन."

एवढ्यावर गडी तयार! शहाणा म्हणवून घ्यायला माणूस काय वाट्टेल तो वेडेपणा करतो.

भर दुपारी सगळं बेट जेवून आडवं झालं होतं. पोशा खांबावर चढला, घंटेच्या पोटातला लोलक सोडवला आणि दिला भिरकावून खाडीत. चिखलानं तो गिळला.

दुसऱ्या सकाळी धाकूबाबांनी दोरी ओढली. घंटा हलली, पण बोलेना. खोत भडकले. "राखण तुझी होती, धाकू. तीन दिवसांत लोलक आण, नाहीतर बेट सोड."

म्हातारा सत्तरीचा. पलीकडं त्याचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. पोशाची सगळी मस्ती उतरली. तीन दिवस तो ओहोटीला चिखलात हात घालून शोधत होता, असं सांगतात. लोलक मिळाला नाही. कालवांच्या धारदार शिंपल्यांनी बोटं तेवढी फाटली.

चौथ्या दिवशी धाकूबाबा गाठोडं घेऊन होडीत बसले. सगळं गाव धक्क्यावर गोळा झालं.

"सोड होडी," खोत म्हणाले.

तांडेल हलेना. "घंटा कुठं झाली, खोत? घंटेशिवाय होडी सोडायची नाही, हुकूम तुमचाच. तीन दिवस सोडली नाही, मग आज कशी सोडू?"

सगळेच थांबले. भरती आली, भरती गेली. बायकांनी घरनं भाकऱ्या आणल्या. एरवी टोल पडला की पळणारी माणसं मांडी घालून गप्पा मारायला लागली. पोशा मात्र होडीला टेकून मान खाली घालून उभा. धाकूबाबांनी त्याच्यापुढं अर्धी भाकरी धरली.

"खा रे बाबा. किती कापलीत बोटं! माझ्यासाठी चिखलात उतरलास तो तू एकटाच."

पोशानं भाकरी बाजूला सारली.

"बाबा, लोलक मीच फेकला," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "गाठोडं द्या इकडं. मी जातो."

"पैज माझी होती," चांगुणा पुढं आली. "घालवायचं तर मलापण घालवा."

खोतांनी पोशाची फाटलेली बोटं बघितली. मग म्हणाले, "कुणी कुठं जायचं नाही. धाकू, ते गाठोडं घरी ने. आणि पोशा, घंटा तू मुकी केलीस ना? आता तूच घंटा हो. घरोघरी जाऊन हाक मार, सगळ्यांना घेऊन ये, मगच होडी सुटेल."

शिक्षा चांगली होती हो, पण माणूस पोशा! एका घरी ताक प्यायचा, दुसऱ्या घरी सुपारी कातरत बसायचा, तिसऱ्या घरच्या म्हातारीची टोपली डोक्यावर घेऊन तिच्या चालीनं यायचा. पण मागं कुणी राहिलं नाही.

आजही त्याच्या घराण्यातला एक जण होडीआधी दारोदार हाक मारत फिरतो, आणि शेवटचं माणूस बसेपर्यंत होडी हलत नाही.

आज पाळी कुणाची, म्हणता?

आता तुमच्यापासनं काय लपवायचं. माझीच.