खाडीपलीकडची शीळ

एक होती लाजवंती. लाजवंती म्हणजे कोण, ठाऊक आहे का? माकडांची धाकटी बहीण. अंगानं खारीहून जराशी मोठी, हातपाय काटक्यांसारखे, शेपूट नाहीच, आणि डोळे हे एवढे वाटोळे.

खाडीकाठच्या डोंगरावर ती एकटी राहायची. अगदी एकटी, बरं का. आधी आई होती, मावश्या होत्या. मग लोकांनी रान तोडलं. फांदीला फांदी लागेना. लाजवंतीला काही उडी मारता येत नाही. मग कोण कुठं गेलं, कळलंच नाही. ही रोज दिवेलागणीला शीळ घालायची आणि ऐकत बसायची. उत्तर यायचं नाही.

थंडीपुरते खाली वाळूवर कुरव पक्षी उतरायचे. पांढरे, करडे, हजारो. एकदा तिनं एका कुरवाला विचारलं, "दादा, तुम्ही किती जण?"

"मोजतो कोण? एखादा हरवला तर कळतसुद्धा नाही," कुरव म्हणाला.

लाजवंती म्हणाली, "मी हरवले तर इथं कुणीच उरणार नाही. तू एवढा फिरतोस. माझ्यासारखं कुणी दिसलं तर सांगशील?"

मग कुरव उत्तरेला गेला. तिथं नुसतं बंदर, झाड नाही. मग दक्षिणेला गेला. तिथं होड्यांमागं मासळीच मासळी, खाता खाता शोधायचं विसरला. सांगताना खाली मान घातली त्यानं. होळी तोंडावर आली, कुरवांची निघायची वेळ झाली. मग तिसऱ्यांदा तो खाडीपलीकडच्या देवराईवर गेला, आणि तिथं त्याला शीळ ऐकू आली. अगदी हिच्यासारखी. तसाच उडत येऊन त्यानं लाजवंतीला सांगितलं.

पण खाडी ओलांडायची कशी? तिथं अनशी नावाची म्हातारी होडी चालवायची. लाजवंती जन्मात पहिल्यांदा जमिनीवर उतरली. पावलापावलानं होडीपाशी गेली.

"तू होय ती," अनशी म्हणाली. "तुझी शीळ ऐकते मी रोज. पलीकडच्याचीही ऐकते. वारा आडवा येतो, म्हणून तुमची तुम्हाला पोचत नाही. किती शोधलं तुला, पण एवढासा जीव, दिसणार कसा? बस गो बाय."

तिनं होडीत एक फांदी आडवी ठेवली. लाजवंती ती घट्ट धरून बसली. पलीकडे उतरली, झाडावर चढली, आणि शीळ घातली.

या खेपेला उत्तर आलं.

मग काय, कुरव थव्याबरोबर आपल्या देशी गेला, आणि देवराईत लाजवंतीला दोन पिल्लं झाली. सगळी सुखानं राहिली. आता मिटा डोळे. आणि सरका जरा, धाकटीला पांघरूण पुरत नाही.